बांधकामाची भाषा, पायापासून गच्चीपर्यंत

बांधकामावर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस आधी शब्दांनीच गांगरतो. ‘फूटिंगचं पीसीसी झालं’, ‘प्लिंथची लेव्हल मारली’, ‘सिलपर्यंत वीटकाम आलंय, उद्या लिंटेल.’ मान डोलवून निघून यायचं, एवढंच हातात उरतं. असे शब्द यादी करून पाठ केले तर आठवडाभरात विसरतात. त्याऐवजी एक धागा धरा. इमारतीचा जवळजवळ प्रत्येक भाग दोनपैकी एका कामासाठी असतो: वरचं ओझं जमिनीत पोचवायचं किंवा पाण्याला त्याच्या वाटेला लावायचं. नवा शब्द कानावर आला की ‘हा ओझ्याचा की पाण्याचा?’ असं विचारा. उत्तर मिळालं की तिथे काय तपासायचं हेही बहुतेक वेळा कळतं. खालचे शब्द काम ज्या क्रमाने चढत जातं त्याच क्रमाने घेतले आहेत.

आधी नकाशे

प्लॅन म्हणजे इमारत जमिनीपासून साधारण १ ते १.२ मीटर उंचीवर आडवी कापली आणि वरून पाहिली तर दिसेल ते चित्र. म्हणून प्लॅनमध्ये दारं-खिडक्या कापलेल्या दिसतात आणि त्या पातळीच्या वरचं काही, म्हणजे छज्जा किंवा माळा, तुटक रेषेने दाखवतात. एलिव्हेशन म्हणजे बाहेरून दिसणारा दर्शनी भाग. सेक्शन म्हणजे इमारत वरून खाली उभी कापल्यावर दिसतं ते.

लोक एलिव्हेशन आणि रंगीत चित्रांवर तासन् तास घालवतात आणि सेक्शनकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या मते सगळ्यात आधी वाचावा तो सेक्शन. जोतं किती उंच, स्लॅब किती जाड, तुळईखाली डोक्याला जागा किती, बाथरूमची जमीन किती खाली हे फक्त तिथेच कळतं. आणि नंतर बदलायला सगळ्यात अवघड याच गोष्टी.

१:१०० प्रमाण म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा १ मीटर. पण छापील नकाशावर पट्टी लावून माप काढू नका, कारण झेरॉक्समध्ये प्रमाण बिघडतं. लिहिलेला आकडाच खरा. तो आकडा ‘आतून आत’ आहे की ‘मध्य ते मध्य’, हेही पाहा. ३ मीटर मध्य ते मध्य असलेली खोली भिंती २३० मिलिमीटरच्या असतील तर आतून २.७७ मीटरच भरते, वर गिलाव्याची जाडी वेगळी.

आर्किटेक्चरल नकाशा जागेची मांडणी सांगतो. स्ट्रक्चरल नकाशा कॉलम (खांब), बीम (तुळई), स्लॅब आणि त्यातल्या सळया सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकात कॉलम भिंतीत लपलाय आणि दुसऱ्यात तोच दारात आलाय, असं दिसलं तर ते खोदाईच्या आधीच दिसायला हवं.

क्षेत्रफळाचे शब्द थोडक्यात. कार्पेट म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. बिल्ट-अपमध्ये भिंतींची जाडीही धरतात. यांच्या नेमक्या व्याख्या त्या त्या ठिकाणच्या कायद्यानुसार बदलतात, म्हणून करारात व्याख्या लिहून घ्यावी. चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधायला परवानगी आहे तो आकडा: ५०० चौरस मीटर भूखंड आणि निर्देशांक १.५ असेल तर सर्व मजले मिळून ७५० चौरस मीटर. भूखंडाच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर.

आखणी आणि पातळी

लाइन-आउट म्हणजे नकाशा जमिनीवर उतरवणं. भिंतींच्या आणि कॉलमच्या मध्यरेषा, म्हणजे सेंटर लाइन, दोऱ्या ताणून आखतात. इथे दोन तपासण्या कुणालाही करता येतात. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ मीटर आलं तर कोपरा काटकोनात आहे. मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखेच यायला हवेत. इथली ३ सेंटिमीटरची चूक पुढे फरशी बसवताना भिंतीकडेला निमुळत्या पट्टीच्या रूपात दिसते, आणि तेव्हा कारागिराला बोल लावून उपयोग नसतो.

बेंचमार्क ही उंची मोजायची हलणार नाही अशी पक्की खूण. सगळ्या लेव्हल तिथून मोजायच्या, आधीच्या कामावरून नाही. आडवी पातळी पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, उभी रेषा ओळंब्याने आणि कोपरा गुण्याने पाहतात.

‘फिनिश लेव्हल’ आणि ‘स्लॅब लेव्हल’ या दोन शब्दांत गल्लत होते. स्लॅबवर मसाला आणि फरशी मिळून साधारण ५० ते ७५ मिलिमीटर चढतात. दाराची चौकट, पायरीची उंची, खिडकीचा तळ (सिल) ही सगळी मापं तयार फरशीपासून धरायची असतात. कच्च्या स्लॅबपासून धरली की दार घासतं आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होते.

जमिनीखालचं काम

खोदाईनंतर तळ ठोकून घट्ट करतात, गरजेप्रमाणे दगडांचं सोलिंग भरतात आणि वर पीसीसी घालतात. पीसीसी म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. त्याचं काम सळयांना स्वच्छ आणि सपाट बैठक देण्याचं. त्यावर फूटिंग, म्हणजे कॉलमचं ओझं जास्त जागेवर पसरवणारं पाऊल. प्रत्येक कॉलमला वेगळं असेल तर आयसोलेटेड, दोन कॉलमांना मिळून एक असेल तर कंबाइंड, सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब असेल तर राफ्ट. वरची माती कमजोर असेल तर खोलवरच्या घट्ट थरापर्यंत नेलेले खांब म्हणजे पाइल.

फूटिंगचा आकार ठरवणारा शब्द म्हणजे जमिनीची धारणक्षमता: मातीचा एक चौरस मीटर किती भार सुरक्षितपणे पेलेल. हा आकडा मातीच्या चाचणीतून येतो. ‘शेजारच्यांनी एवढंच खोदलं होतं’ ही चाचणी नव्हे.

जोतं म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा भाग. कॉलमांना त्या पातळीवर बांधून ठेवणारी तुळई ती प्लिंथ बीम. जोत्यात मुरूम भरताना तो थराथराने टाकून, पाणी मारून ठोकावा लागतो. एकदम भरलेला मुरूम पुढे बसत जातो आणि त्याबरोबर फरशीही खचते. जोत्याच्या माथ्यावर भिंत सुरू होण्याआधीचा ओल-प्रतिबंधक थर हा पहिला पाण्याचा शब्द. विटा जमिनीतली ओल वर शोषतात आणि हा थर ती तोडतो. तो राहिला तर भिंतीचा खालचा फूट-दीड फूट कायम फुगत राहतो, रंग कितीही वेळा दिला तरी.

सांगाडा: कॉलम, बीम, स्लॅब

लोडबेअरिंग बांधकामात भिंतीच ओझं वाहतात, म्हणून मधली भिंत पाडणं धोक्याचं. फ्रेम बांधकामात स्लॅब आपलं ओझं बीमला देतो, बीम कॉलमला, कॉलम फूटिंगला. इथे भिंती फक्त आडोसा करतात. पण आडोशाच्या भिंतीलाही वजन असतं आणि ते बीमच्या हिशेबात धरलेलं असतं, त्यामुळे भिंत मन मानेल तिथे सरकवता येत नाही.

डेड लोड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन. सळई घातलेल्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २,५०० किलो भरतो, म्हणजे १२५ मिलिमीटर जाड स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३१० किलोच्या वर जातं. लाइव्ह लोड म्हणजे माणसं आणि सामान. घरासाठी तो साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरतात. एकच मीटर खोल पाण्याची टाकी दर चौरस मीटरला १,००० किलो देते. गच्चीवर ‘एक छोटी टाकी वाढवू’ म्हणण्याआधी हा हिशेब करून बघावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काँक्रीट दाब उत्तम सोसतं आणि ताण फारच कमी. म्हणून जिथे ताण तिथे सळई. फोमचा एक लांबट तुकडा घ्या, बाजूवर पेनाने उभ्या रेषा मारा, दोन टोकं टेकवून मध्ये दाबा. खालच्या बाजूला रेषा एकमेकींपासून लांब जातात, वर जवळ येतात. म्हणून दोन आधारांवरच्या बीममध्ये मुख्य सळई मध्यभागी खाली असते. आता तोच तुकडा एका टोकाला घट्ट धरून दुसरं टोक हवेत ठेवा आणि दाबा. ताण वरच्या बाजूला गेला. हा कॅन्टिलिव्हर: छज्जा, पुढे आलेली बाल्कनी. त्याची मुख्य सळई वर हवी आणि ती आत मागच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये पुरेशी लांब गेलेली हवी.

काँक्रीट ओतताना कामगार नेमके याच सळयांवरून चालतात. वरची जाळी पायाखाली दबून तळाला बसते आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढलं की छज्जा झुकतो किंवा पडतो. वरची जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांना चेअर म्हणतात. बाल्कनीच्या कामाला त्या मोजून घ्या, चालायला फळ्या टाका, आणि ओतकाम चालू असताना तिथे उभे राहा. दिवसभरात एकाच जागी थांबायचं असेल तर ती जागा हीच.

सळईचे शब्द

स्लॅबमध्ये एका दिशेला मुख्य सळया आणि त्यांना आडव्या डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे ओझं पसरवणाऱ्या. स्लॅब लांबट असेल, म्हणजे लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त, तर ओझं आखूड दिशेने जातं. तो वन-वे. चौकोनाच्या जवळ असेल तर टू-वे, आणि दोन्ही दिशांच्या सळया मुख्यच.

बीम आणि कॉलममध्ये उभ्या-आडव्या सळयांना वेढणारी रिंग ‘फक्त बांधून ठेवायला’ असते, हा मोठा गैरसमज आहे. बीममध्ये रिंग तिरप्या तड्यांना अडवते, कॉलममध्ये ती उभ्या सळयांना बाहेर फुगू देत नाही. म्हणून आधाराजवळ रिंगा दाट आणि मध्ये विरळ असतात. रिंगेचं टोक १३५ अंशात वळवून आत काँक्रीटच्या गाभ्यात गेलेलं हवं. ९० अंशात वळवलेलं टोक भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की उघडतं, आणि मग रिंग असून नसल्यासारखी.

कव्हर म्हणजे सळईपासून काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फूटिंगला ५०. नेमका आकडा स्ट्रक्चरल नकाशावर असतो आणि दमट-खाऱ्या हवेत तो वाढतो. कव्हर कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोचते, गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. हे अंतर राखायला सळईखाली ठेवतात तो ठोकळा म्हणजे कव्हर ब्लॉक. त्याच्या जागी खडीचा तुकडा खपवू देऊ नका, तो निसटतो.

लॅप म्हणजे एक सळई संपून दुसरी सुरू होते तिथलं एकमेकींवर ठेवलेलं अंतर. ते सळईच्या व्यासाच्या पटीत सांगतात: ‘५० डी’ असेल तर १२ मिलिमीटर सळईला ६०० मिलिमीटर. सगळे लॅप एकाच रेषेत येऊ द्यायचे नाहीत. वजनाचं सूत्र तोंडपाठ असू द्या: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरला १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. आलेल्या मालाची सळई मोजून-तोलून बघायला एवढं पुरतं.

काँक्रीट

एम २० ही काँक्रीटची प्रत. त्यातला २० म्हणजे १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी प्रत्येक चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसेल ही अपेक्षा. चाचणीसाठी असे क्यूब काँक्रीट ओतत असतानाच भरून घ्यायचे असतात. नंतर मागून ते मिळत नाहीत.

काँक्रीटचं खरं भवितव्य पाणी-सिमेंट प्रमाणात असतं. ०.५ प्रमाण म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. माल घट्ट वाटला की कुणीतरी बादली ओततो, माल छान वाहतो, सगळे खूश होतात. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. ताकदही घटते, गळतीही वाढते. मालाचा सैलपणा मोजायची चाचणी म्हणजे स्लंप: ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत माल भरून शंकू उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. माल सैल हवाच असेल तर त्यासाठी ॲडमिक्श्चर, म्हणजे मालात मिसळायचं रसायन, मिळतं, पाण्याची बादली हा त्याला पर्याय नव्हे.

व्हायब्रेटर आतली हवा काढतो. तो कमी चालला तर हनीकोंबिंग होतं, म्हणजे साचा काढल्यावर खडी उघडी आणि मध्ये पोकळ्या. फार वेळ चालला तर खडी तळाला आणि सिमेंटचं पाणी वर. कोल्ड जॉइंट म्हणजे आधीचा थर घट्ट व्हायला लागल्यावर त्यावर नवा ओतल्याने पडलेली कमजोर रेषा. गच्ची गळते ती बरेचदा इथूनच. काम थांबवावंच लागणार असेल तर कुठे थांबवायचं, ते इंजिनिअरला आधी विचारा.

क्युअरिंग म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, आणि त्यात खंड पडू न देणं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १०. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून दुपारभर स्लॅब वाळू दिला तर त्याला क्युअरिंग म्हणत नाहीत. स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून पाणी साठवा, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळा.

सेंटरिंग हा ओल्या काँक्रीटचा तात्पुरता आधार, शटरिंग हा त्याचा साचा, टेकू हे खालचे खांब. कॉलमच्या बाजू दुसऱ्या दिवशी उघडता येतात. स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) साधारण ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवतात. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१ दिवस. मिश्र सिमेंट किंवा थंड हवा असेल तर मुदत वाढते. छज्ज्याचे टेकू काढायला सुरुवात मोकळ्या टोकाकडून करायची.

भिंती आणि त्यांतली उघडी जागा

विटेची लांब बाजू दर्शनी आली तर स्ट्रेचर, आखूड बाजू आली तर हेडर. सांधेमोड म्हणजे एका थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ न देणं. सांधेमोड नसेल तर तडा त्या सरळ रेषेतून सहज उतरतो. विटा आधी भिजवतात, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात. एका दिवसात दीड मीटरहून जास्त उंच भिंत चढवू नये. भिंत आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकतात आणि काँक्रीटच्या गुळगुळीत अंगावर टाचे मारतात, म्हणजे गिलावा धरावा म्हणून ते खरबरीत करतात. दोन्ही विसरलं की नेमका तिथेच उभा तडा येतो. गिलावा सुकल्यावर बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजला तर तो सुटलेला आहे.

खिडकीचा तळ म्हणजे सिल, बाजू म्हणजे जांब, वरची आडवी पट्टी म्हणजे लिंटेल. लिंटेल वरच्या विटांचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर नेतो, म्हणून त्याचा टेक प्रत्येक बाजूला निदान १५० मिलिमीटर असावा. सिलचा ढाळ बाहेर हवा.

जिना

पायरीची उंची म्हणजे रायझर, पाऊल ठेवायची रुंदी म्हणजे ट्रेड. सलग पायऱ्यांचा गट म्हणजे फ्लाइट, मधली विसाव्याची जागा लँडिंग, पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब वेस्ट स्लॅब. सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुविदाने माणसाच्या चालीवरून एक नियम मांडला आणि तो आजही चालतो: दोन रायझर अधिक एक ट्रेड यांची बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटरच्या आसपास. मजला ३.२ मीटर आणि रायझर १६० असेल तर २० रायझर झाले. ट्रेड ३०० ठेवला तर बेरीज ६२०, म्हणजे चढायला आरामशीर. दोन फ्लाइट केल्या तर प्रत्येकीत १० रायझर पण ट्रेड ९ च, कारण दहावं पाऊल लँडिंगवर पडतं. जागा अपुरी पडते ती हा एकचा फरक विसरल्याने. सगळे रायझर सारखे असणं आकड्यापेक्षाही महत्त्वाचं. एकच पायरी वेगळी असली तरी लोक तिथेच अडखळतात.

पाण्याचे शब्द

गच्चीचा ढाळ साधारण १०० ला १ तरी हवा, म्हणजे ६ मीटरला ६० मिलिमीटर. हा ढाळ ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरात, काढतात. गच्चीच्या कठड्याला पॅरापेट म्हणतात. गच्ची आणि पॅरापेट मिळतात त्या कोपऱ्यात गोलसर वाटा मारतात, म्हणजे कोपरा मसाल्याने भरून गोल करतात, कारण काटकोनी सांध्यातच पाणी शिरतं. पॅरापेटच्या माथ्यावरची झाकणपट्टी, म्हणजे कोपिंग, गच्चीच्या आतल्या बाजूला उतरती ठेवली की बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ येत नाहीत. छज्ज्याच्या खालच्या कडेला ठेवलेली बारीक खाच म्हणजे ड्रिप मोल्ड. पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येतं, ते या खाचेशी तुटून खाली पडतं. खर्च जवळजवळ शून्य, तरी हमखास विसरलं जाणारं काम.

बाथरूमचा संक स्लॅब म्हणजे पाइप मावावेत म्हणून खाली घेतलेला स्लॅब. त्याचं वॉटरप्रूफिंग भराव टाकण्याआधी होतं आणि तपासणीही तेव्हाच: बाहेर जाणारी तोंडं बंद करून पाणी साठवा, दोन-तीन दिवस ठेवा आणि खालच्या मजल्यावरून छत बघा. फरशी बसल्यावर ही संधी गेली.

नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यात, साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम अडून राहतं. हे वॉटर सील गटाराची दुर्गंधी अडवतं. बंद घरात ते सुकतं, म्हणून परतल्यावर वास आला तर आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. व्हेंट पाइप हवा आत येऊ देतो, नाहीतर वरून जोरात आलेलं पाणी ट्रॅपमधलं सीलही ओढून नेतं. इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे पाइपाच्या आतल्या तळाची पातळी. १०० मिलिमीटर पाइपाला ४० ला १ ढाळ दिला तर १० मीटरमध्ये २५० मिलिमीटर उतार लागतो. बाहेरच्या चेंबरची खोली या हिशेबाने आधी काढावी लागते, नाहीतर शेवटच्या चेंबरपाशी पोचल्यावर कळतं की मुख्य वाहिनी आपल्यापेक्षा वर आहे.

काम संपलं की ॲज-बिल्ट नकाशे मागा. मंजुरीचे नव्हेत, तर प्रत्यक्षात कॉलम कुठे आले, पाइप आणि वायरी कुठून गेल्या ते दाखवणारे. आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना नकाशाच्या आधी हा फोटोच उघडला जातो.